कॉलेजांत स्पॅनिश शिकावी काय?

आमच्या वाशीम जिल्ह्यांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें कॉलेजांत स्पॅनिश भाषा व वाङ्मय हा विषय घेण्याचें मनांत आणलें, तर घरांत पहिला प्रश्न उठतो तो असा कीं, तिचा उपयोग काय व खर्च कोण करणार? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. सोयाबीन व तूर यांच्या भावावर ज्या घराचें वर्ष अवलंबून असतें, त्या घरानें तो विचारलाच पाहिजे.

खुद्द सर्वांतेससारख्या स्पॅनिश ग्रंथकारासही तो सुचला होता. 'दोन किहोते' या आपल्या कादंबरीचा दुसरा भाग त्यानें १६१५ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या अर्पणपत्रिकेंत तो थट्टेनें सांगतो कीं, चीनच्या बादशहानें स्पॅनिश शिकविण्याचें कॉलेज काढून त्याचें प्रमुखपद आपणांस देऊं केलें. परंतु वाटखर्चाची चौकशी करतां दूतापाशीं कांहींच निघालें नाहीं!

उपयोगाविषयीं म्हणावें, तर स्पॅनिश ही वीस स्वतंत्र राष्ट्रांची राज्यकारभाराची भाषा असून, सुमारें ४८ कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. तथापि व्यापारापुरतें बोलतां येणें एवढाच हेतु असेल, तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणचा प्रमाणपत्राचा वर्ग पुरे होईल. हैदराबादचें इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ किंवा दिल्लीचें जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथें स्पॅनिशमध्यें पदवीपर्यंतचें शिक्षण मिळतें. तेथें कांहीं वर्षें घालवावयाचीं, तीं वाङ्मयासाठीं घालवावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. हैदराबाद तर वाशीमहून पूर्णामार्गें रेल्वेनें गांठतां येतें.

मराठी शाळेंत शिकलेल्यानें या भाषेचें भय बाळगूं नये. 'मला आवडतें' हें स्पॅनिशमध्यें 'मे गुस्ता' असें होतें. दोहोंची घडण एकच, इंग्रजीची मात्र निराळी. स्पॅनिश त व द यांचे उच्चार आमच्या दन्त्य वर्णांच्या जवळचे आहेत. पोर्तुगीजांकडून आमच्याकडे आलेल्या 'पगार' शब्दाचें मूळ 'पैसे देणें' या अर्थाचें क्रियापद आहे. तें स्पॅनिशमध्यें तसेंच आढळतें.

आतां मुख्य मुद्दा. चिलीचा कवि पाब्लो नेरूदा यास १९७१ सालीं आणि कोलंबियाचा कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यास १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. असे ग्रंथकार मराठी वाचकास बहुधा इंग्रजीच्या द्वारेंच भेटतात. स्पेनमध्यें जिव्हाळ्याच्या माणसास 'तू' व आदरणीयास 'उस्तेद' म्हणतात. आमच्याकडेही 'तूं' आणि 'आपण' असा भेद आहेच. इंग्रजीचा आजचा एकच शब्द हा भेद पुसून टाकतो. मग मुलगा बापाशीं कोणत्या शब्दानें बोलला, नोकरानें धन्यास अरेतुरे केव्हां केलें, हें इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्यानें अनुमानानें ठरवावयाचें! जी गोष्ट मूळ ग्रंथांत होती व जी मराठींत सहज येऊं शकली असती, ती मधल्या वाटेंत सांडते. हें नुकसान भरून काढण्यास थेट स्पॅनिश जाणणारा मराठी मनुष्यच हवा.

विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ सालीं निघाला. परक्यांनीं आमची भाषा जाणण्यास एवढे कष्ट घेतले. आमच्यांतील चारदोघांनीं एका परक्या भाषेसाठीं तसे घ्यावे, ही अपेक्षा मोठी नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें: प्रथम मराठी उत्तम करा, कारण भाषांतर शेवटीं तिच्यांतच उतरावयाचें आहे. शुल्क, वसतिगृह व शिष्यवृत्ति यांची चौकशी आधीं करा. वाटखर्चाचा प्रश्न लाजेचा नाहीं. शक्य तर प्राथमिक वर्गांत आपली आवड पारखून घ्या. आणि पालकांस विनंति ही कीं, मुलानें वा मुलीनें एवढी तयारी दाखविल्यावर, 'आपल्या गांवांत हें कोणी शिकलें नाहीं,' एवढ्याच कारणासाठीं त्यांस अडवूं नये.