पॉइंटच्या दरात न मावणारी मजुरी

घराचे वायरिंग ठरते ते पॉइंटवर. दिव्याचा एक, पंख्याचा एक, गिझरचा पॉवर पॉइंट वेगळा. पॉइंट मोजायचे, दराने गुणायचे, थोडी घासाघीस करायची की सौदा पक्का. हिशेब सोपा, म्हणूनच तो टिकला. पण काम करणारा कोण, याला त्यात रकानाच नाही. दोन वर्षे आयटीआय करून, शिकाऊ उमेदवारी संपवून तारतंत्रीचा परवाना मिळवलेला माणूस आणि कालपर्यंत भिंतीत झिरी मारणारा हेल्पर एकाच दराच्या स्पर्धेत उतरतात. काम बहुतेक वेळा स्वस्त माणसाला मिळते.

दोघांच्या कामातला फरक प्लास्टरखाली जातो. दोन किलोवॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह सैल जोडातून रोज वाहिला की जोड तापतो, इन्सुलेशन कडक होऊन तडकते. अर्थिंगची हिरवी तार बोर्डात दिसते, ती जमिनीपर्यंत नीट पोचली आहे का हे मोजल्याशिवाय कळत नाही. पॉइंटच्या दरात मात्र या मोजणीचा एक रुपयाही नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2021 साली देशात बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावली. ती सगळी घरातली नव्हेत, शेतातले पंप आणि तुटलेल्या तारांचे बळीही त्यात आहेत. तरीही घरात हे काम कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न त्यामुळे हलका होत नाही.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगमधली भर आणि फेरफार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराने करायचे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. घरमालक दर विचारतो, परवाना क्वचितच विचारतो.

अनुभवाचे मोल तर पॉइंटमध्ये बसतच नाही. इमारतीत एका घरातले दिवे एकाएकी डोळे दिपवू लागतात, शेजारी ते मिणमिणतात, तिसऱ्याकडे टीव्ही जळतो. नवखा माणूस एमसीबी बदलायला घेईल. जाणता वायरमन शेजारी काय होतेय एवढेच विचारतो आणि आधी मेन बंद करायला सांगतो, कारण थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला असणार हे त्याने ओळखलेले असते. अशा वेळी 230 व्होल्टच्या घरात दाब 400 च्या दिशेने चढू शकतो. दुरुस्ती कदाचित एका बोल्टची असेल. वेळ पाहून पैसे द्यायचे ठरवले, तर सगळ्यात कमी मोबदला या माणसाला मिळेल. म्हणून बिघाड शोधण्याचे पैसे दुरुस्तीपासून वेगळे आणि आधी ठरलेले असावेत, आणि ते अनुभवाप्रमाणे वाढावेत.

‘नुसते बघायला तीनशे रुपये?’ हा सवाल घरोघरी ऐकू येतो. समजा, वायरमनला महिन्याला तीस हजार रुपये घरी न्यायचे आहेत, पंचवीस दिवस काम आहे आणि दिवसाला चार ठिकाणचे बोलावणे आहे. दर फेरीला तीनशे रुपये तिथेच लागले. पेट्रोल, मेगर, हातमोजे, हेल्परची मजुरी आणि रिकामे जाणारे दिवस अजून मोजलेलेच नाहीत.

ब्रिटनमध्ये मालक आणि कामगार संघटनांच्या जॉइंट इंडस्ट्री बोर्डाने इलेक्ट्रिशियन, अप्रूव्हड इलेक्ट्रिशियन, टेक्निशियन अशा श्रेणी केल्या आहेत. पात्रता आणि अनुभव दाखवला की वरची श्रेणी मिळते, तिचा तासाचा दरही वरचा. आपल्याकडे हेल्पर, परवानाधारक तारतंत्री आणि पर्यवेक्षक या पायऱ्या आहेतच. दरपत्रकात त्या उतरवायला हव्यात. पॉइंटचा दर राहू द्यावा, पण त्याखाली मेगरने इन्सुलेशन तपासणे, अर्थिंगचा रोध मोजणे आणि आरसीसीबी चालते का हे पाहणे, यांची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम असावी. मोजलेले आकडे सही करून घरमालकाच्या हाती द्यावेत.

यात एका वर्गावर अन्याय होण्याची भीती खरी आहे. वीस-पंचवीस वर्षे उत्तम काम केलेले, पण कधी आयटीआयची पायरी न चढलेले कितीतरी कारागीर आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अशांच्या आधीच्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ते प्रमाणपत्र म्हणजे तारतंत्रीचा परवाना नव्हे, त्यामुळे दोन्हींमधली वाट शासनाने सोपी करायला हवी. तोवर गृहनिर्माण सोसायट्यांना एक गोष्ट लगेच जमेल: देखभालीच्या करारात परवानाधारकाचा दर वेगळा लिहावा आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या जुन्या कारागिराला हेल्परपेक्षा जास्त मजुरी द्यावी.