नाव शेवटच्या कडव्यात

दिवाळी अंकात गायकावर लेख म्हटला की वाचकांच्या डोळ्यांसमोर तंबोरा, खाँसाहेब आणि पानाचे तबक येते. आज कृपा करून बैठकीतून उठावे आणि आमच्याबरोबर मांडवात यावे. १४ एप्रिलला आमच्या छत्रपती संभाजीनगरात नागसेनवनाच्या बाजूने जाणाऱ्याच्या कानावर वामनदादा कर्डकांचे एक तरी गाणे पडतेच. ते वामनदादांचे आहे, हे मात्र ऐकणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. लहानपणी शाळा घडली नाही. मुंबईत शिवडीच्या चाळीत असताना कुणी तरी एक पत्र वाचायला त्यांच्यापुढे धरले. वाचता येईना, तेव्हा या तरण्याबांड गड्याला रडू कोसळले. मग बाराखडी गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत रस्ते पालथे घातले. १९४३ मध्ये पहिले गाणे रचले. पुढे २००४ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, हजारो झाली! 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या चित्रपटातही त्यांचे गाणे वाजले. पण त्यांचा जीव रमला तो गावोगावच्या मांडवांत, बाबासाहेबांचा विचार गाण्यात.

ते पहिले गाणे म्हणजे एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. विद्वानांनी लगेच नाक मुरडू नये. चाल ओळखीची असली की दुसऱ्या कडव्याला सारा मांडव साथ धरतो आणि नवा विचार जुन्या सुरावर बसून घरी जातो. अमेरिकेत वुडी गथ्रीने हेच केले. जुन्या चालींवर कष्टकऱ्यांचे शब्द बसवले. तिकडे त्याला लोककवी म्हणून मान मिळतो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले. तिथे आलेल्या कितीतरी मुलांच्या घरी पुस्तकाआधी गाणे पोचले होते. शिकले पाहिजे, हे आईबापांना त्या गाण्यांनी सांगितले. आणि सांगणारा स्वतः पाट्यांवरून शिकलेला!

वर्गात मी एकदा त्यांच्या गाण्याचा विषय काढला. चार मुलांनी ते सुरात म्हणून दाखवले. 'कवी कोण?' म्हणून विचारले, तर उत्तर आले, ''सर, ते जयंतीचं गाणं आहे.''

यात मुलांचा दोष नाही. तुकोबांप्रमाणे वामनदादाही आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफीत. मिरवणुकीत दोन कडवी होतात, ठेका बदलतो, आणि नाव राहून जाते. 'वाटचाल' (१९७३) आणि 'मोहळ' (१९७६) हे त्यांचे संग्रह निघाले, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथनही आले. शब्द असे छापता येतात. पण चाल, ढोलकीची थाप आणि कोरस उचलण्याची जागा छापता येत नाही. ती जुन्या गायन पार्ट्यांतल्या म्हाताऱ्या गळ्यांत आहे, आणि ते गळे दरसाल कमी होत आहेत.

म्हणून गृहिणींना एकच विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांची गाण्यांची वही किंवा जुनी कॅसेट सापडली, तर ती रद्दीत घालू नका. आजोबा असतील तर त्यांना जवळ बसवून गाणे पुरते म्हणून घ्या. अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत!