खाडीच्या नकाशावर सर्व्हे नंबर हवेत

मासळीच्या रक्षणासाठीं काढलेल्या नकाशांशीं शेतकऱ्याचा संबंध काय, असें कांहीं वाचकांस वाटेल. आम्हां पापडीकरांस तो जवळचा वाटतो. वसई तालुक्याच्या उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस वसईची खाडी आहे. त्यांच्या कांठच्या तिवरांत, ज्यांस सरकारी कागदांत कांदळवन म्हणतात, कोळंबी, बोय, जिताडा व चिंबोरी यांचीं पिलें वाढतात. परंतु कांहीं तिवरें खाजगी खार जमिनींत, म्हणजे कोणा खातेदाराच्या सातबारावर उभीं असतात. बांधास खांड पडून ती वेळींच बुजविली नाहीं, तर भाताच्या खांचरांत कांहीं वर्षांत तिवर माजतें.

मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं तिवरतोडीस मनाई केली, आणि जमिनीची मालकी कोणाचीही असो, तिवरांपासून सभोंवार ५० मीटरांत बांधकाम व भराव बंद केला. २०१८ च्या निकालानें ही मनाई कायम झाली. तेव्हां तिवराची रेघ कोठून जाते, हा प्रश्न मासळीचा तसाच खातेदाराचाही आहे.

आतां प्रमाणाचा हिशेब पाहा. १:२५००० च्या नकाशावर ५० मीटर म्हणजे अवघे २ मिलिमीटर. तेथें अर्ध्या मिलिमीटरची रेघ साडेबारा मीटर जमीन झांकते. १:३९६० च्या गांवनकाशावर तीच रेघ २ मीटरच झांकते. हें प्रमाण म्हणजे एका इंचास ३३ फुटी दहा साखळ्या. अशा एका साखळीचा चौरस तो गुंठा. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेनेंही स्थानिक कामासाठीं याच प्रमाणाचे गांवनकाशे आधारास घेण्यास सांगितलें होतें.

मात्र केवळ मोठ्या प्रमाणानें नकाशा स्पष्ट होत नाहीं. त्यावर सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर हवेत. बांध, उघाड्या व खाडीचे फांटे लोकांच्या तोंडच्या नांवांनीं दाखवावेत. पाहणीची तारीख व भरतीची रेघ द्यावी. तिवर, मिठागर व भातखांचर यांस केवळ निरनिराळे रंग न देतां निरनिराळ्या खुणा द्याव्यात, कारण शेतकऱ्याच्या हातीं येते ती बहुधा काळी-पांढरी झेरॉक्स, आणि तींत हिरवा व निळा सारखेच दिसतात. एका पत्रकावर सर्व कांहीं कोंबूं नये; मासळीच्या पैदाशीचीं ठिकाणें व कायद्याची रेघ वेगवेगळ्या पत्रकांवर असावी. खुणांचा खुलासा मराठींत असावा.

आमचे कांहीं स्नेही म्हणतात कीं, इतका नेमका नकाशा झाल्यास शेतकरीच बांधला जाईल. रेघ मोघम आहे तेंच बरें. आम्हांस हें पटत नाहीं. मोघम रेघेचा लाभ रात्रीं भराव टाकणारा घेतो. ती रेघ आपल्या बाजूस वळविण्याइतकें बळ लहान खातेदारास नसतें. शिवाय तिवर गेलें म्हणजे लाटेचा मारा सरळ बांधावर येतो आणि खारें पाणी आंत शिरल्यावर नुकसान शेतकऱ्याचेंच होतें.

म्हणून असा कोणताही नकाशा कायम करण्यापूर्वीं त्याचा मसुदा सजाच्या कार्यालयांत व मासळीबंदरावर लावावा, आणि हरकतीस पुरेशी मुदत द्यावी, अशी आमची मागणी आहे. मसुदा लागेल तेव्हां वाचकांनीं सातबारा व मोजणीची नक्कल घेऊन जावें, खाडी जाणणारा कोळी शेजारी बरोबर न्यावा, आणि चूक दिसेल ती सर्व्हे नंबरासह लेखी कळवून पोंच घ्यावी.