घाट आता आपल्या दाराशी आलाय

परवा लेकानं विचारलं, "बाबा, आपण गाडीनं बासरला कधी जायचं?" मी विषय बदलला. का, ते सांगतो.

१९८८-८९ ची गोष्ट असेल. घरातल्या धाकट्यानं पहिलं अक्षर बासरच्या सरस्वतीपुढंच गिरवायचं, हा आजीचा हट्ट. भाड्याची मॅटाडोर, आत बारा-तेरा जण, ठेचा-भाकरीचं गाठोडं, ओकारीसाठी लिंबू. पाटणबोरीला हायवेवर लागायचं. तो जुना ७ नंबर, वाराणसी ते कन्याकुमारी, आजचा ४४. पिंपळखुटी, पैनगंगेचा पूल, की आंध्र सुरू. (तेलंगणा २०१४ नंतरचं.) आदिलाबाद, इच्चोडा, नेरडीगोंडा, आणि मग निजामाच्या काळातला महबूब घाट.

जाताना उतार. वळणावळणाला हॉर्न. आई डोळे मिटून घ्यायची. बाबा म्हणायचे, "काहून भेतं? घाटात ड्रायव्हर जागा असते." परतीच्या चढाला मॅटाडोर तापायची, गाडी बाजूला लावून रेडिएटरमध्ये पाणी टाकेस्तोवर आम्ही पोरं निर्मलला घेतलेल्या लाकडी खेळण्यांवरून भांडायचो. पुनिकीच्या लाकडाचा माझा पोपट चांगला दोन वर्षं टिकला.

आता हायवे चौपदरी आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. अडचण तिथं नाहीच. अडचण आपल्या गावातून हायवेपर्यंत पोचायची आहे.

कोळशाचे अन् सिमेंटचे ट्रक, खचलेल्या साइडपट्ट्या, धुळीत समोरचं दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात खड्डा चुकवताना गाडीसकट पडलो, डावा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. मागं लेक बसलेला होता. त्याला खरचटलं तेवढंच, पण तेव्हापासून त्याला मागं बसवून हायवेकडं निघायची माझी हिंमत होत नाही.

मी खाणीच्या विरोधात नाही. गावातल्या कितीतरी चुली त्यावर पेटतात. पण खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, २०१५ च्या कायदादुरुस्तीनं आलेलं. खाणवाल्यांना रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसा भरावा लागतो, आणि तो रस्त्यांवरही खर्च करता येतो. आपल्या रस्त्यावर त्यातला किती आला, हे आपण कधी विचारलं?

तीन गोष्टी मागू या: कोळशावर ताडपत्री, भरलेल्या साइडपट्ट्या, शाळा भरता-सुटताना जड वाहनं बंद. येत्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देतोय. सह्या करायला कोण येतं, खाली लिहा.