आधी वही, मग पेचकस

आमच्या रोहिणखेडच्या एका मुलाने खेळ खेळण्यासाठी स्वतःच संगणक जोडायचे ठरवले. वडिलांनी कापसाच्या पैशांतून रक्कम दिली. मुलाने सुटे भाग आणले. पण रॅमची पट्टी मदरबोर्डवर बसेना. त्याने जोर लावला. पट्टी बसली नाहीच, उलट तिची जागा मोडली. "सर, हे आपल्यासारख्यांचे काम नाही," असे तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

मला हे पटत नाही. संगणक जोडायला फार ताकद किंवा मोठी हत्यारे लागत नाहीत. एक पेचकस आणि थोडा धीर पुरतो. नवख्याची खरी अडचण त्याआधीची असते. ती म्हणजे एकमेकांशी जुळणारे भाग निवडणे.

प्रोसेसर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. ए.एम. 4 सॉकेटचा प्रोसेसर ए.एम. 5 सॉकेटमध्ये चालत नाही. रॅमचेही तसेच आहे. डी.डी.आर. 4 आणि डी.डी.आर. 5 या दोन्ही प्रकारच्या मोठ्या पट्ट्यांना 288 पिना असतात, पण त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती तशी ठेवलेली असते. आमच्या मुलाला ती खाच 'थांब' असे सांगत होती; पण तिची भाषा त्याला कोणी शिकवली नव्हती. खेळांसाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड बरीच वीज घेते. म्हणून पॉवर सप्लायही तेवढ्या वॅटचा लागतो. एक भाग बदलला की दुसऱ्याचाही हिशेब बदलतो.

काही जण म्हणतात, "त्यापेक्षा तयार संगणक घ्यावा." त्यात गैर काही नाही. पण ज्याने स्वतः जोडला, त्याला तो उघडण्याची भीती राहत नाही. आपल्याकडे उन्हाळा कडक आणि धूळही भरपूर. पंखा धुळीने भरला की संगणक तापतो. अशा वेळी तो बंद करून, वीज काढून, स्वतः साफ करता येतो.

डॉ. विजय भटकर हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक तयार केला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाच्या चिप इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या होत्या. त्या अनेक चिपांकडून एकाच वेळी काम करून घेणारी जोडणी मात्र आपल्या माणसांनी केली. ही विद्या खेड्यातल्या मुलाच्या आवाक्याबाहेरची आहे, असे कोणी म्हणू नये.

मात्र घाई करू नये. आधी वही घ्यावी. प्रत्येक भागाचे नाव, सॉकेट, वॅट आणि किंमत लिहावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत. सूचना इंग्रजीत असतात, म्हणून न कळलेला शब्द शिक्षकांना विचारावा. ती यादी जाणकाराला दाखवावी आणि मगच पैसे खर्च करावेत.

त्या मुलानेही आता अशी वही केली आहे. पहिल्या पानावर त्याने दोन्ही पट्ट्यांच्या खाचांचे चित्र काढले आहे. विचारण्यात कमीपणा नसतो. न विचारता जोर लावण्यात मात्र नुकसान असते.