शहापूर-मुरबाडमध्ये जमीन घेणाऱ्यांस व तेथील ग्रामस्थांस जाहीर आवाहन

१८९२ साली तानसा धरण पुरे झाले तेव्हापासून शहापूर तालुक्याचे पाणी मुंबईची तहान भागवीत आले आहे. पुढे वैतरणा आणि भातसा यांची त्यात भर पडली. आणि तरीही याच धरणांच्या परिसरातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही वस्तुस्थिती ज्याने एकदा पाहिली, त्याला येथील एकेका ओहोळाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. समृद्धी महामार्गामुळे शहापुरात आणि माळशेजच्या वाटेने मुरबाडात शेतघरे, वसाहती व गोदामे यांसाठी जमिनी शोधणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात वैरभाव नाही. परंतु खरेदीखत आधी, मुरुमाचा भराव नंतर आणि कायद्याची चौकशी नोटीस हाती पडल्यावर, हा उलटा क्रम वारंवार दिसतो. तोवर अडलेला ओहोळ खालच्या भातखाचरांत शिरलेला असतो आणि विकासकाचाही पैसा दाव्यांत अडकलेला असतो.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो खाजगी वनांच्या बाबतीत. ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी वने संपादन-अधिनियमान्वये शासनाकडे निहित झाली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याच्या नावे चालत आलेली, वरवर साधी वरकस भासणारी जमीनही कायद्याने वन असू शकते, आणि तेथे केंद्राच्या मंजुरीवाचून वनेतर काम करण्यास १९८०चा वन संवर्धनाचा कायदा मनाई करतो. उलटपक्षी, केवळ जुन्या राजपत्रात नोटीस छापली गेली एवढ्याने जमीन वन ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोदरेज प्रकरणात दिला आहे. म्हणून सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यावरच सर्व भिस्त न ठेवता जुने फेरफार क्रमाने मागे वाचीत जावे आणि वनखात्याचा लेखी अभिप्राय घ्यावा, हेच शहाणपणाचे.

शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६च्या पेसा कायद्याने नैसर्गिक साधनसंपत्तीविषयी ग्रामसभेस अधिकार दिले आहेत. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीस देण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ अन्वये पूर्वमंजुरी लागते, तिला कुलमुखत्यारपत्राचा आडमार्ग काढणे हा आमच्या मते कातकरी-ठाकरांवरील उघड अन्याय होय. नदी, नाले, ओहोळ ही संहितेप्रमाणे शासनाची मालमत्ता. ते कोणाच्या प्लॉटमधून वाहतात म्हणून त्याचे होत नाहीत, आणि नैसर्गिक प्रवाहास अडथळा झाल्यास १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते. परवान्यावाचून मुरूम-दगड काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. वृक्षतोडीस १९६४च्या कायद्याची परवानगी लागते. पूररेषा जेथे आखल्या आहेत तेथे निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही.

हे सारे नियम तलाठी, वनपाल, नगररचना आणि तहसील अशा निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेले असल्याने परगावच्या माणसास ते एका जागी सापडत नाहीत, ही त्याची अडचण खरी आहे, आणि ती दूर करणे आपल्या हाती आहे. ग्रामस्थहो, गावात जमीन पाहावयास येणाऱ्यास झरा कोठे फुटतो, पुराचे पाणी कोठवर चढते, गुरांची वाट कोणती आणि देवराईची हद्द कोठे, हे इसारापूर्वीच हिंडून दाखवा. निवृत्त तलाठी, भूमापक व वकील यांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत वरील नियमांची सोप्या मराठीतील फाईल तयार करून ठेवावी आणि विचारणाऱ्यास ती समजावून द्यावी.

विकासकांस आमची विनंती आहे की, त्यांनी नकाशा मंजुरीस धाडण्यापूर्वी ती जमीन एकदा भर पावसाळ्यात पायी पाहावी, आणि आपला आराखडा ग्रामसभेपुढे मराठीत मांडून तेथील प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत.