मधले खोके

घरात नवी वस्तू येणार म्हटले, की आपल्याकडे ‘हिचे काम काय?’ हा प्रश्न मागाहून निघतो. ‘हिच्यावाचून अडले आहे काय?’ हा आधी. फोनो प्रीॲम्प नावाच्या साबणाच्या डबीएवढ्या खोक्यापुढे हा प्रश्न हमखास उभा राहतो. टर्नटेबल दिसते, तबकडी फिरते, स्पीकर गातो. हे मधले खोके मात्र कपाटामागे अंग चोरून बसलेले. ते बदलून चांगले घ्यावे असे ज्याच्या मनात आले, त्याला घरच्या अर्थमंत्र्यांसमोर उत्तर तयार ठेवावे लागते. ते पुरवावे, एवढाच यंदाचा बेत.

‘आजोबांच्या वेळी कुठे होते असले काही?’ हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. जुन्या रेकॉर्ड-प्लेअरच्या मुंडीत क्रिस्टलचे किंवा सिरॅमिकचे पिकअप असे. त्याचा आवाज मुळातच एवढा दणकट, की वायर रेडिओच्या पाठीमागच्या ग्रामोफोनच्या भोकांत खुपसली की काम भागे. मात्र ते पिकअप तबकडीवर चांगलेच भार टाकून चाले. आजच्या बहुतेक टर्नटेबलांना ‘मूव्हिंग मॅग्नेट’ जातीची कार्ट्रिज असते. ती हलक्या पावलाने चालते, पण बोलते फारच हळू. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम ९५ ई घेतली, तर तिच्यातून निघतात अवघे चारएक मिलिव्होल्ट. ॲम्प्लिफायरच्या कानी पडण्यासाठी ते शंभर पट, म्हणजे ४० डेसिबलने, वाढवावे लागतात. ‘मूव्हिंग कॉइल’च्या नाजूक आवाजाला हजार पट लागते, पण ती कार्ट्रिज घरात नसेल, तर तिच्या सोयीचे पैसे आपण का मोजावेत?

नुसते वाढवणे एवढेच काम असते, तर कोणतेही खोके चालले असते. खरी गंमत पुढे आहे. खर्जाच्या लाटा रुंद असतात. त्या जशाच्या तशा कोरल्या, तर एक चर शेजारच्या चरात घुसेल. म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दबवतात. बारीक सूर उलट चढवून कोरतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. हे प्रमाण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संस्थेने १९५४ मध्ये ठरवले. तिच्या आद्याक्षरांवरून त्याला आरआयएए म्हणतात. प्रीॲम्पने हा हिशेब उलटा मांडायचा: मधल्या १,००० हर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झचा खर्ज सुमारे १९ डेसिबलने वर उचलायचा आणि २०,००० हर्ट्झचा सूर जवळजवळ तेवढाच खाली आणायचा. माझे मत विचाराल, तर हा हिशेब साध्या किमतीच्या नेटक्या प्रीॲम्पलाही चोख जमतो. त्यापुढे पैसा वाढतो तितका आवाज वाढत नाही.

जाहिरातींत मात्र ‘उबदार’, ‘रेशमी’, ‘मोकळा’ असे शब्द भेटतात. ते वाचताना मला कवितेच्या प्रश्नावरील उत्तरे आठवतात: विशेषणांची रेलचेल आणि नामाचा पत्ता नाही. दुकानात नामे विचारावीत. पहिले नाम, अतिखर्ज अडवणारी गाळणी. आपल्या उन्हाळ्यात कपाटात कलून राहिलेली एल.पी. पापडासारखी वाकते. तिचे हेलकावे कानाला ऐकू येत नाहीत, पण स्पीकरचा पडदा उगीच आतबाहेर डुलत राहतो आणि ॲम्प्लिफायरची शक्ती त्यात वाया जाते. ‘आर्ट’ कंपनीच्या ‘डीजे प्री टू’ या साध्या खोक्यातही ही गाळणी बटणावर मिळते. मग महागात ती नसेल, तर मी ते घेणार नाही. दुसरे नाम, कपॅसिटन्स. व्हीएम ९५ ला वायरीसकट १०० ते २०० पिकोफॅरड मानवतात. फार वाढले, तर बारीक सुरांचा तोल बिघडतो. तिसरे, अर्थिंगचा स्क्रू. टर्नटेबलची पातळ वायर त्याला घट्ट बांधली नाही, तर गाण्यामागे तंबोऱ्याऐवजी ५० हर्ट्झची घूं लागते.

खरेदीआधी टर्नटेबल उलटसुलट पाहावे. कित्येकांत प्रीॲम्प आतच असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असे बटण असते. आमच्या एका स्नेह्यांनी नवे खोके जोडले, पण बटण ‘लाइन’वरच ठेवले. दोन प्रीॲम्प एकामागून एक! गायिकेचा आवाज माठातून आल्यासारखा, आणि दोष बिचाऱ्या नव्या खोक्याला. बटण ‘फोनो’वर नेताच दिवाणखान्यात गाणे अवतरले. जुन्या ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ची जागा असेल, तर आधी तीही ऐकून पाहावी; पुष्कळदा पाकीट तिथेच वाचते. आणि सुई झिजलेली असेल, तर कोणताही प्रीॲम्प ती झीज फक्त मोठ्याने ऐकवील.

आता माळ्यावरच्या ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर ज्या घरांत अजून कागदी पाकिटांत आहेत, त्या घरांसाठी हा परिच्छेद. ह्यांचे चर एल.पी.पेक्षा बरेच रुंद, एल.पी.ची बारीक सुई त्यांच्या तळाशी घासत जाते आणि वर्षानुवर्षांचा कचरा तेवढा वाचून दाखवते. त्यातून जुन्या मुद्रणांना १९५४ चा हिशेबही लागू नाही, त्यामुळे आवाज दबलेला वाटतो. निरनिराळे वक्र देणारे प्रीॲम्प मिळतात, पण पाचपंचवीस तबकड्यांसाठी तो खर्च झेपणारा नव्हे. ॲम्प्लिफायरवरचे ट्रेबलचे बटण थोडे उजवीकडे वळवावे. स्टिरिओ-मोनोचे बटण असेल, तर ते मोनोवर ठेवावे. सुईच्या वरखाली हालण्यातून येणारी खरखर बरीच नाहीशी होते. सुई मात्र वेगळीच हवी. व्हीएम ९५ च्या त्याच अंगावर बसणारी ‘एसपी’ नावाची ७८ ची सुई मिळते, तिची किंमत प्रीॲम्पच्या हिशेबात आधीच धरावी. दोन्हींना मिळून पैसे पुरत नसतील, तर यंदा सुई आणावी आणि खोके पुढल्या दिवाळीला.